कुणाचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझी आजी ती सोयरिकीच्या बैठकीत वापरायची. समोरचा माणूस फार खोदून विचारायला लागला की ती पदर सावरत म्हणायची, "जाऊ द्या हो, ऋषीचं कूळ अन् नदीचं मूळ..." की विषय संपला. म्हणीचा अर्थ मोठ्या मनाचा आहे. माणूस आज कसा आहे ते बघा, कुठून आला ते विचारू नका.

पण म्हण लागू कुणाला होते, याकडे जरा बघा. जो ऋषी झाला, त्याला. ज्याची नदी झाली, त्याला. तलासरीच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली. बारावी झालेली वारली पोरं जात पडताळणीचे कागद घेऊन माझ्याकडे यायची, अजून येतात. त्यांना कुणी म्हणत नाही की कूळ शोधू नका. त्यांना म्हणतात, शोधाच. आणि १९५० च्या आधीच्या कागदानिशी घेऊन या. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० ला काढली, म्हणून त्याआधीचा पुरावा भारी धरतात. आजोबाच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, जुना सातबारा, एखादा फेरफार. आता आजोबा शाळेत गेलेलेच नव्हते, जमीन सावकाराच्या नावावर होती आणि जन्म पाड्यावर झाला होता, तर कागद आणायचा कुठून? एकाचं कूळ शोधू नये आणि दुसऱ्यानं सिद्ध करावं, अशी ही वाटणी आहे. ती माझ्या लक्षात आली, पण पोरांमुळे नाही. आमच्याच घराचं कूळ शोधायला गेलो, तेव्हा आली.

त्याचं असं झालं. आमच्या आडनावाच्या कुलमंडळानं कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायची ठरवली. कुलवृत्तांत म्हणजे काय ते मराठी वाचकाला सांगायला नको. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, मग शाखा-उपशाखा, कोण मामलेदार झाला, कोण अमेरिकेत गेला. बायकांची माहेरची नावं जुन्या पिढ्यांत बहुतेक गायब. डहाणू शाखेचं पान मी लिहावं, असं पत्र आलं. निवृत्त मास्तर म्हणजे रिकामा माणूस, असा सगळ्यांचा समज असतो. फारसा चुकीचाही नाही.

आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट चार ओळींची. पणजोबा दक्षिण कोकणातून हातात एक पितळी तांब्या घेऊन आले. गवताच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी राहिले. कष्ट केले, स्वतःचं दुकान टाकलं, वरकस जमीन घेतली, पोरांना शिकवलं. बस्स. त्या काळी डहाणू-उंबरगावचं गवत गाठी बांधून रेल्वेनं मुंबईला जायचं, तिथल्या तबेल्यांत आणि गोठ्यांत. त्या धंद्यावर इथली बरीच घरं उभी राहिली, तसंच आमचंही.

चार ओळींचं पान होत नाही म्हणून मी डहाणूच्या वाचनालयात जायला लागलो. तालुक्याच्या गावची वाचनालयं सगळी एका वळणाची असतात. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल, त्याच्याभोवती आमच्यासारखे पेन्शनर, आत लोखंडी कपाटं, कपाटांवर जुने दिवाळी अंक गठ्ठे बांधून. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान येतं, ते अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे येतं, आणि ते कधी येतं हे ग्रंथपाल बाईंना विचारू नये. स्पर्धा परीक्षेची पोरं कोपरा धरून बसलेली. दुपारी दोन ते चार पंख्याच्या आवाजाशिवाय काही नाही. मला ती वेळ आवडायला लागली.

तिथं आमच्या घराविषयी मला काय मिळालं? एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत पणजोबांचं नाव मिळालं. रुपये ५१. एवढंच. पण ५१ रुपयांनी मला किती आनंद झाला, हे सांगायला लाज वाटते. छापलेल्या कागदावर आपलं नाव दिसलं की माणूस खरा होतो, असं काहीतरी आपल्या मनात असतं. मग मी जुनं गॅझेटियर काढलं. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरचा तेरावा खंड, ठाणे जिल्ह्याचा, १८८२ चा. आता तो फोनवरही वाचता येतो, पण फोनवर माझे डोळे टिकत नाहीत. त्यात बंदरांचा व्यापार आहे, पिकं आहेत, जंगल आहे, जातीजमातींची वर्णनं आहेत. वारल्यांवर पानं आहेत, त्यांचे देव, त्यांची लग्नं, त्यांच्या झोपड्या. नाव मात्र मला एकाही वारल्याचं सापडलं नाही. के. जे. सावे यांचं 'द वारलीज' १९४५ चं. ते या भागाला फार जवळून ओळखतं, पण तेही जमातीचं पुस्तक आहे, घरांचं नाही. वारली सगळे मिळून छापले गेले, एकेकटे नाहीत. आमचे पणजोबा मात्र ५१ रुपयांत एकटे छापले गेले.

खरा कागद घरातच निघाला, पोटमाळ्यावर. लाल कापडी बांधणीची, आडव्या पानांची चोपडी. शके १८५५ ते १८७०, म्हणजे साधारण १९३३ ते १९४८. सुरुवात पणजोबांच्या हातची, पुढं आजोबांच्या. सगळी मोडीत. मला मोडी येत नाही. वाचनालयात रोज दुपारी येणारे एक जुने स्नेही आहेत, ते तलाठ्याच्या घरातले, त्यांना येते. चोपडी मी पिशवीत घालून न्यायला लागलो आणि आम्ही दोघं आतल्या टेबलावर बसून रोज दोन-तीन पानं काढायला लागलो. ते वाचत, मी वहीत बाळबोधीत उतरवत असे.

पहिल्याच पानावर डोक्याला शब्द होता: कूळ. त्याच्याखाली नावं.

हा शब्द मराठीत दोन तोंडांचा आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तोवर तो टोचला नव्हता. कूळ म्हणजे घराणं, वंश. आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा; सावकाराकडचा ऋणकोही कूळच. मी आमचं कूळ शोधायला आलो होतो आणि चोपडीत आमची कुळं निघाली. एक्केचाळीस नावं, बहुतेक वारली, थोडे धोडी. कुणाला खावटीचं भात दिलं, किती पायल्या, दिवाळीनंतर दीडपट घ्यायचं. कुणाकडून खंड यायचा. कुणी किती गवत कापलं. शेवटी निशाणी डाव्या हाताचा अंगठा. नावं वारांवर ठेवलेली, सोम्या, मंगळ्या, बुध्या. आणि 'बिन' लावून बापाचं नाव, मग पाड्याचं. आडनाव नाही. पण मला ते अडलं नाही. पाड्याचं नाव आणि आजा-पणजाचं नाव जुळलं की माझ्या डोळ्यांपुढे वर्गातला बाक यायचा. यातली निम्मी घरं माझ्या हजेरीपटावर होती.

सहा नावांपुढे दोन अक्षरं होती: 'ल. ग.' स्नेह्यांना ती लागेनात. त्यांना वाटलं, लगान असेल. मला दोन दिवसांनी उलगडा झाला, तोही त्याच वाचनालयातल्या एका पुस्तकामुळे. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० सालचं, त्याला १९७२ ला साहित्य अकादमी मिळालं. कॉलेजात असताना वाचलं होतं, पण तेव्हा ते दुसऱ्यांच्या दुष्टपणाची गोष्ट म्हणून वाचलं. ल. ग. म्हणजे लग्नगडी. लग्नाला लागणारे पैसे सावकारानं द्यायचे, आणि त्याबदल्यात नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी राबायचं, कर्ज फिटेपर्यंत. ते फिटायचं नाही. मग पोरं राबायची. हे कम्युनिस्टांचंच म्हणणं होतं असंही नाही. सायमिंग्टन नावाचा गोरा सनदी अधिकारी होता, त्यानं १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारला दिलेल्या अहवालात वेठ आणि ही गुलामी नोंदवून ठेवली आहे.

मी काकांना सांगितलं. काका चौऱ्याऐंशीचे, आमच्यातले सगळ्यात वडील. ते गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "अरे, तेव्हाचा जमानाच तसा होता. आणि आपले लोक त्यातल्या त्यात बरे. वडिलांनी कुणावर हात उचलल्याचं मला आठवत नाही. हे कशाला त्या पुस्तकात घालतोस? चार लोक वाचतील."

काका वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं मी बरेच दिवस मनात घोळवलं, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या काट्यानं तोलणं हा एक सोपा शूरपणा असतो. आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं, कुणी सांगावं.

पण 'तेव्हा सगळ्यांना तसंच वाटायचं' हे वाक्य मला चोपडीनंच खोटं ठरवून दाखवलं. शके १८६७ चा आश्विन, म्हणजे १९४५ चा ऑक्टोबर. दरवर्षी या महिन्यात गवत कापणीची पानंच्या पानं भरलेली असतात. त्या वर्षीचं पान कोरं आहे. मथळा लिहिलाय, रकाने आखलेत, आत काही नाही. त्या वर्षी २३ मे ला झरीला किसान सभेची परिषद झाली होती, हजारो आदिवासी जमले होते. तिथं ठरलं की वेठ करायची नाही, रोज बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, लग्नगडी म्हणून कुणी राहायचं नाही. पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. तेव्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं म्हणणाऱ्यानं या लोकांना 'सगळ्यांत' धरलेलं नसतं. ज्यांना तसं वाटत नव्हतं त्यांच्याकडे चोपडी नव्हती, एवढंच. आमच्या चोपडीत त्यांचं मत आलंय ते असं, कोऱ्या पानाच्या रूपात.

आता दुसरी बाजू. पणजोबांचं पाप माझ्या माथी का? माझं उत्तर साधं आहे: नाही. पाप वारशानं येतं असं मी मानत नाही. तसं मानलं तर पुढं जाऊन त्याच न्यायानं नको त्या माणसांना नको त्या गोष्टींसाठी झोडता येतं. आपल्या देशात ते रोज चालू आहे. पण मग तोच न्याय अभिमानालाही लावा. पितळी तांब्या, कष्ट, ५१ रुपयांची देणगी, हे मी माझं म्हणून कुलवृत्तांतात छापणार आणि ल. ग. मात्र त्यांचं त्यांच्याबरोबर गेलं, हे जमत नाही. एक तर दोन्ही घ्या, नाही तर दोन्ही सोडा.

आपल्या जुन्या कायद्यालाही हे कळत होतं. बापाचं, आजाचं, पणज्याचं कर्ज फेडणं हे मुलाचं, नातवाचं, पणतूचं धर्मकर्तव्य, असं हिंदू कायदा मानत आला. २००५ च्या दुरुस्तीनं ते कोर्टातून काढून टाकलं. गंमत बघा, आमच्या घराण्याला हा नियम कधी भोवला नाही. भोवला तो चोपडीतल्या कुळांना, ज्यांनी धर्मशास्त्राचं नाव ऐकलं नव्हतं. शके १८५५ ला आज्याच्या नावावर असलेली बाकी शके १८६५ ला नातवाच्या नावावर व्याजासकट ओढलेली मी स्वतः उतरवून घेतली आहे.

जगात हा प्रश्न इतरांनाही पडलेला आहे. अमेरिकेत काळ्या घराण्यांचे वंशज आपलं मूळ शोधायला लागले की १८७० च्या जनगणनेपाशी भिंत लागते. त्याआधी, १८५० आणि १८६० ला, गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यात मालकाचं नाव, आणि त्याच्याखाली माणसांचं वय, लिंग, रंग. गुलामाचं नाव बहुधा नाहीच. म्हणून भिंतीपलीकडे जायचं तर मालकाची मृत्युपत्रं आणि हिशेबाच्या वह्या धुंडाळाव्या लागतात. साउथ कॅरोलिनातल्या एका मळेवाल्या घराण्यातला एडवर्ड बॉल नावाचा माणूस उलट्या बाजूनं निघाला. आपल्या घरच्या कागदांवरून त्यानं गुलामांचे वंशज शोधले, त्यांच्या घरी जाऊन बसला, आणि 'स्लेव्हज इन द फॅमिली' हे पुस्तक १९९८ मध्ये लिहिलं. तिथली गुलामगिरी आणि इथली वेठ एकच, असं मला म्हणायचं नाही. पण एक गोष्ट तंतोतंत तीच आहे. ज्याला लिहू दिलं नाही, त्याचा वंश लिहिणाऱ्याच्या घरात पडून असतो.

इथं माझं मत बदललं, किंवा पक्कं झालं म्हणा. तोवर माझ्यापुढे प्रश्न होता की मी काय वाटून घ्यावं. लाज वाटून घ्यावी का, किती वाटून घ्यावी. हा प्रश्नच मला आता पोकळ वाटतो. माझ्या लाजेचा तलासरीत कुणाला काय उपयोग? खरा प्रश्न असा की ही चोपडी कुणाची. कागद आमचा, शाई आमची, अक्षर आजोबांचं. पण आतली एक्केचाळीस घरं आमची नाहीत. १९५० च्या आधी बापाच्या नावासकट, पाड्यासकट, जमातीसकट लिहिलेली नावं आमच्या पोटमाळ्यावर होती, आणि त्यांचे पणतू कोतवाल बुकातल्या एका ओळीसाठी तहसीलच्या दारात उभे. सावकाराची खासगी वही पडताळणी समिती किती धरेल, तो तिचा प्रश्न. वनहक्काच्या नियमांत मात्र जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हाही पुरावा म्हणून सांगितला आहे. धरो न धरो, ते नाव त्यांचं आहे. त्याची झेरॉक्स त्यांना न देता मी कुलवृत्तांताचं पान लिहिलं असतं, तर ती मला चोरी वाटली असती.

मग मी झेरॉक्स काढल्या, आणि माझा एक जुना विद्यार्थी, आता ग्रामपंचायतीत काम करतो, त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून पाड्यापाड्यांवर गेलो. ज्याचं पान त्याला.

तिथं जे झालं ते माझ्या कल्पनेपेक्षा वेगळं होतं. मला वाटलं होतं, मी काहीतरी हरवलेलं परत करतोय. पहिल्याच घरी एक म्हातारे बाबा खाटेवर बसले होते, विद्यार्थ्याचे आजोबा. त्यांना नावं वाचून दाखवली. ते ऐकत राहिले, मग बोटं मोडत आपली पाच पिढ्यांची नावं त्यांनी न अडखळता सांगितली. कुणाची बायको कुठल्या पाड्याची तेही सांगितलं, जे आमच्या कुलवृत्तांताला जमलेलं नाही. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या बुकात चुकलंय. हा त्याचा बाप नाय, मोठा भाऊ. बाप लवकर मेला, भावानं वाढवला." आणि थोड्या वेळानं, "त्यांचं कर्ज फिटलेलं. गवत कापून फेडलं माझ्या बापानं, तीन वर्सं. ते लिवलंय का?"

मी पान उलटून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं. बाकी होती, व्याज चढवून 'पुढील बुकी ओढली' असा शेरा होता, आणि पुढचं बुक आमच्याकडे नाही.

आता खरं काय? आपण शिकलेली माणसं लगेच कागदाकडे झुकतो, मीही अठ्ठावीस वर्षं तेच शिकवलं. पण विचार करा. गवत कुणी तोललं? आम्ही. काटा आमचा, दर आमचा, वही आमची. बाकी राहण्यात फायदा लिहिणाऱ्याचा होता. म्हाताऱ्याला आज ते कर्ज फिटलं असं म्हणून एक पैसा मिळणार नाही. ज्याला खोटं बोलून काही मिळायचं नाही त्याचं मी खरं धरतो. वनहक्क कायद्याचे नियम करणाऱ्यांनीही, २००८ ला, हेच मान्य केलं: दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवून घेतलेलं म्हणणं हा पुरावा. तो नियम करताना कुणी किती भांडलं असेल कोण जाणे. मला तो आपल्याकडच्या शहाण्या वाक्यांपैकी एक वाटतो. मी पानाच्या झेरॉक्सवर मागच्या बाजूला बाबांचं म्हणणं लिहिलं, तारीख घातली. त्यांनी सही केली. अंगठा नाही, सही. साक्षरतेच्या वर्गात शिकले होते म्हणे.

सगळीकडे असं गोड झालं नाही. एका घरात पान घेतलं आणि माझ्यासमोरच चुलीत घातलं. मला वाटतं तो त्यांचा हक्कच होता. ल. ग. लिहिलेल्या सहांपैकी एका घरची सून, शिकलेली, अंगणवाडीत काम करते, दाराबाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, सासूबाईंना माहीत आहे. पोरांना नाही. तुम्ही नका सांगू." माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानाला तिथं खीळ बसली. मी समजत होतो की लपवणं म्हणजे आमच्यासारख्यांचं काम. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही तो लपवावासा वाटू शकतो, आणि त्याचं लपवणं वेगळं असतं. काका झाकत होते ते आपल्या हातून झालेलं. तिला झाकायचं होतं ते आपल्यावर झालेलं. दोन्हीला मी एकच नियम लावणार नाही. इतिहास सगळ्यांचा असतो हे वाक्य भाषणात बरं, दारात उभं राहून म्हणवत नाही.

म्हणून कुलवृत्तांताच्या पानात मी कुणा कुळाचं नाव घातलं नाही. लिहिलं ते असं: घराण्याचा चरितार्थ गवताचा व्यापार, खंड आणि सावकारी यांवर चालला, एक्केचाळीस कुळं होती, सहा जोडपी लग्नगडी म्हणून घरात राबली, १९४५ च्या संपात गवत कापलं गेलं नाही, कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ नंतर निम्मी जमीन गेली, निम्मी राहिली. ५१ रुपयेही ठेवले. कुलमंडळाकडून उत्तर आलं की जागेअभावी मजकूर संक्षिप्त करावा लागेल. किती संक्षिप्त, ते पुस्तक आल्यावर कळेल. माझं नाव खाली घालायचं तर सहा जोडप्यांचं वाक्य राहिलं पाहिजे, असं मी उलट टपाली कळवलं. काकांना पान वाचून दाखवलं. "लिहिलंसच शेवटी," म्हणाले, आणि चहा मागवला. आता आपणहून लहानपणच्या आठवणी सांगतात. घरात राबणाऱ्या एका बाईचं नाव त्यांना आठवलं. ती त्यांना अंगाखांद्यावर खेळवायची म्हणे. ती चोपडीत नाही. चोपडीत तिचा नवरा आहे.

मूळ चोपडी वाचनालयाच्या बंद कपाटात ठेवायला दिली आहे. अट एकच, ज्या घरचं पान त्या घरच्या माणसानं मागितलं तर दाखवायचं, इतरांना ल. ग.ची पानं नाहीत. ग्रंथपाल बाईंना ही अट कुठल्या रजिस्टरात लिहावी ते कळेना, शेवटी त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवली.

एक्केचाळीसपैकी चौतीस घरं सापडली. सात राहिली. त्यातल्या चौघांचे पाडे आज महाराष्ट्रात नाहीत. उंबरगाव तालुका १९६० ला फुटला, तलासरीचा भाग इकडे राहिला आणि उंबरगाव गुजरातेत गेलं. तिकडच्या पोरांच्या शाळेचे दाखले गुजरातीत आहेत, बरोबर गुजराती वाचणारं कुणीतरी हवं. भातकापणी उरकली की जाऊ, असं मोटारसायकलवाला म्हणाला आहे.